वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण शून्य असते का?

प्रश्न : दहावीची_आई

नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावीत असून विज्ञानाच्या पहिल्या भागातला गुरुत्वाकर्षणाचा धडा नुकताच त्यांच्या वर्गात शिकवून झाला आहे. घटक चाचणीत तिला असा प्रश्न आला होता की, सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचा वेग आणि त्याचे त्वरण किती असेल. तिने वेग शून्य आणि त्वरण ९.८ मी/से², खालच्या दिशेने, असे लिहिले आणि तिला पूर्ण गुण मिळाले. विषय तिथेच संपायचा, पण रविवारी ती उत्तरपत्रिका माझ्या दिरांच्या हाती पडली. ते स्थापत्य अभियंता आहेत. त्यांचे म्हणणे असे की, जी वस्तू क्षणभर का होईना थांबली आहे तिला त्वरण असेलच कसे, आणि बाईंनी गुण दिले म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा मला अधिक पटण्यासारखा वाटला. ते म्हणतात की चेंडू वर जातो याचा अर्थच हा की हाताने दिलेले बल त्याच्यात शिल्लक आहे. ते वाटेत कमी कमी होत जाते, गुरुत्वाकर्षणाच्या बरोबरीला आले की चेंडू थांबतो आणि त्याहून कमी झाले की खाली येऊ लागतो. मुलगी मात्र सांगते की हात सुटल्यानंतर चेंडूवर एकच बल असते आणि आकृतीत एकच बाण काढायचा असतो. एकच बल खाली ओढत असेल तर चेंडू वर जातो तरी कसा, याचे उत्तर तिला देता आले नाही.

यात भर म्हणून माझा पुतण्या, जो क्लबकडून क्रिकेट खेळतो, त्याने तिसरेच काढले. पुस्तकात म्हटले आहे की चेंडू ज्या वेगाने वर जातो त्याच वेगाने परत हातात येतो. त्याचा अनुभव असा की उंच उडालेला झेल घेताना चेंडू बॅटवरून निघाला तेवढ्या वेगाने मुळीच येत नाही.

मी वाणिज्य शाखेची आहे. समीकरणे दिलीत तरी चालतील, परंतु त्यांचा अर्थही सांगावा, ही विनंती.

उत्तर : निवृत्त_मास्तर

ताई, आपल्या मुलीचे उत्तर बरोबर आहे. आपल्या दिरांची शंका मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हा धडा शिकवताना दरवर्षी वर्गातून कोणी ना कोणी ती विचारतोच, आणि विचारणारा बहुधा वर्गातला विचार करणारा मुलगा असतो.

वेग म्हणजे या क्षणी चेंडू किती झपाट्याने आणि कोणत्या दिशेने चालला आहे. त्वरण म्हणजे तो वेग किती झपाट्याने बदलतो आहे. एखादी राशी या क्षणी शून्य आहे, एवढ्यावरून ती बदलते आहे की नाही याबद्दल काहीच कळत नाही. आपण वाणिज्य शाखेच्या आहात, म्हणून असे समजा की एका खात्यात २० रुपये शिल्लक आहेत, त्यातून दर सेकंदाला ९ रुपये ८० पैसे वजा होतात आणि खात्याला ओव्हरड्राफ्टची सोय आहे. एका सेकंदाने शिल्लक १० रुपये २० पैसे राहील, दोन सेकंदांनी ४० पैसे, आणि तीन सेकंदांनी ती उणे ९ रुपये ४० पैसे असेल. मध्ये केव्हातरी शिल्लक अचूक शून्य झालीच. पण त्या क्षणी वजावट थांबली होती, असे कोणताही लेखापाल म्हणणार नाही; तशी ती थांबली असती तर शिल्लक पुढे शून्यावरच राहिली असती.

आता रुपयांच्या जागी मीटर प्रति सेकंद घ्या. २० मी/से वेगाने सरळ वर फेकलेल्या चेंडूचा वेग, हवेचा विचार तूर्त बाजूला ठेवल्यास, एका सेकंदानंतर १०.२ मी/से असतो आणि तो १५.१ मीटर उंचीवर असतो. सुमारे २.०४ सेकंदांनी वेग शून्य होतो. तेव्हा उंची २०.४ मीटर असते. तिसऱ्या सेकंदाच्या शेवटी वेग ९.४ मी/से, पण खालच्या दिशेने. या संपूर्ण प्रवासात दर सेकंदाला होणारा बदल तोच आहे : वर जाताना ९.८, माथ्यावर ९.८ आणि उतरताना ९.८. माथ्यावर त्वरण खरोखरच शून्य झाले असते, तर शून्य झालेला वेग पुढे बदललाच नसता आणि चेंडू २०.४ मीटरवर हवेत तसाच राहिला असता. आपल्या दिरांना एवढाच प्रश्न विचारून पाहावा की, त्या क्षणी त्वरण नसेल तर चेंडू खाली यायला सुरुवात कशामुळे होते?

आता हाताच्या बलाविषयी. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा असतो, म्हणजे त्याचे वजन सुमारे १.६ न्यूटन. हाताने तो एक दशांश सेकंद रेटून २० मी/से वेगाने सोडायचा, तर हाताला सरासरी ३४ न्यूटनच्या आसपास बल लावावे लागते. हे बल स्पर्शाचे आहे. बोटांचा आणि चेंडूचा संबंध तुटला की ते त्याच क्षणी संपते आणि चेंडूसोबत त्याचा अंशही जात नाही. चेंडूबरोबर जातो तो वेग, आणि वेग टिकवण्यासाठी बलाची गरज नसते. बल लागते ते वेग बदलण्यासाठी. म्हणून ‘एकच बल खाली ओढत असताना चेंडू वर कसा जातो’ या प्रश्नाचे उत्तर असे की, तो आधीच वर चालला होता आणि ते एकच बल त्याचे वर जाणे कमी करते आहे. बलाची दिशा सांगते की वेग कोणत्या बाजूला बदलेल. चेंडू कोणत्या बाजूला जातो आहे, हे सांगण्याचे काम तिचे नाही.

याच्याशी जोडलेली एक खोड मला उत्तरपत्रिकांमध्ये नेहमी दिसत असे. मुले वर जाण्याच्या उदाहरणात गुरुत्व त्वरण ऋण घेतात आणि खाली येण्याच्या उदाहरणात धन घेतात. दोन स्वतंत्र उदाहरणे म्हणून हे चालते, परंतु त्यातून मनावर असे ठसते की माथ्यावर गुरुत्वाकर्षणाने आपली बाजू बदलली. ते टाळायचे असेल तर वरची दिशा धन मानून पूर्ण प्रवासाला एकच समीकरण लावावे : उंची = २०×वेळ − ४.९×वेळ² (२० हा हातातून सुटतानाचा वेग आणि ४.९ म्हणजे ९.८ चा निम्मा). चेंडू १५ मीटर उंचीवर केव्हा असेल, असे या समीकरणाला विचारले तर ते दोन उत्तरे देते, ०.९९ सेकंद आणि ३.०९ सेकंद, पहिले जातानाचे आणि दुसरे येतानाचे. प्रवासाचे दोन तुकडे करण्याची गरजच पडत नाही.

हाच चेंडू १२ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून वर फेकला आणि तो खाली रस्त्यावर पडू दिला, तर उंचीच्या जागी उणे १२ घालून वेळ ४.६१ सेकंद येतो. त्याच समीकरणाचे दुसरे उत्तर उणे ०.५३ सेकंद असे येते आणि मुले ते खोडून टाकतात. माझ्या मते ते खोडण्याआधी वाचावे. चेंडू गच्चीवरून न फेकता रस्त्यावरूनच कोणी फेकला असता आणि तो गच्चीपाशी नेमका २० मी/से वेगाने पोचायला हवा असता, तर तो ०.५३ सेकंद आधी २५.२ मी/से वेगाने रस्त्यावरून निघायला हवा होता, एवढे ते उत्तर सांगते. गुरुत्वाकर्षणाला चेंडू कोणी आणि कुठून फेकला याच्याशी कर्तव्य नसते.

तिसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे आपल्या पुतण्याच्या अनुभवावर, मैदानाशी संबंध असलेल्या कोणी लिहावे.

उत्तर : तिसरा_स्लिप

मास्तरांनी सोडलेला झेल मी घेतो. पुतण्या बरोबर सांगतो आहे आणि पुस्तकही चुकीचे नाही. पुस्तकातील विधानामागे ‘हवेचा अवरोध नगण्य मानल्यास’ ही अट असते आणि ती अट मैदानावर पाळली जात नाही.

हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे या वेगांसाठी मानायला हरकत नाही. क्रिकेटचा चेंडू खूप उंचावरून सोडला तर साधारण ३७ मी/से वेगाला अवरोध आणि वजन समसमान होतात आणि वेग वाढणे थांबते. हा आकडा चेंडूच्या शिवणीवर आणि पृष्ठभागावर थोडाफार अवलंबून असतो, पण हिशेबासाठी तो पुरेसा आहे. मास्तरांचाच २० मी/से वेग घेतला तर हात सुटतो त्या क्षणी हवेचा अवरोध चेंडूच्या वजनाच्या २९ टक्के भरतो. तेव्हा चेंडू वर चाललेला असल्यामुळे अवरोधही खालच्याच दिशेला असतो, म्हणजे तो गुरुत्वाकर्षणाच्या जोडीला येतो. उतरताना हाच अवरोध वरच्या दिशेला, अर्थात गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध असतो.

गणित करून पाहिल्यास चेंडू २०.४ ऐवजी सुमारे १७.९ मीटरपर्यंतच चढतो. चढायला १.८७ सेकंद आणि उतरायला १.९५ सेकंद लागतात आणि तो हाताशी येतो तेव्हा त्याचा वेग १७.६ मी/से असतो. गल्लीतल्या टेनिस चेंडूचा फरक याहून मोठा आहे. तो आकाराने जवळपास तेवढाच असला तरी ५८ ग्रॅमच्या आसपास भरतो, त्यामुळे त्याचा वेग वाढणे २२ मी/से च्या सुमारासच थांबते. २० मी/से ने वर फेकलेला टेनिस चेंडू जेमतेम १५ मीटर चढतो, चढायला १.६६ आणि उतरायला १.८३ सेकंद घेतो आणि परत येताना त्याचा वेग १४.८ मी/से एवढाच उरतो. म्हणजे एकचतुर्थांशाहून अधिक वेग हवेने खाल्लेला असतो. बॅटवरून चेंडू याहूनही वेगाने निघतो आणि वेग जेवढा अधिक तेवढी ही तूट मोठी, म्हणून पुतण्याला जे जाणवते ते अगदी खरे आहे.

उतरायला चढण्यापेक्षा अधिक वेळ का लागतो, हे गणिताशिवायही सांगता येते. एकच उंची घ्या, समजा १० मीटर. तिथून वर जाताना चेंडूला जी ऊर्जा असते त्यातली थोडी हवा घेते, त्यामुळे त्याच उंचीवर परत येताना त्याची गतिज ऊर्जा कमी असते आणि वेगही कमी असतो. हे प्रत्येक उंचीला लागू आहे. तेच अंतर प्रत्येक ठिकाणी कमी वेगाने कापायचे, तर वेळ अधिक लागणारच.

यात एक गोष्ट मला फार आवडते आणि ती ताईंच्या मूळ प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. हवा धरली तर चेंडूचे त्वरण प्रवासभर ९.८ राहत नाही. टेनिस चेंडू हातातून सुटतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जवळपास १८ मी/से या दराने घटत असतो, आणि तो परत हाताशी येतो तेव्हा वेग सेकंदाला ५.४ मी/से याच दराने वाढत असतो. मात्र हवेचा अवरोध वेगावर अवलंबून असल्यामुळे, जिथे वेग शून्य होतो तिथे अवरोधही शून्य होतो. म्हणजे वारा पडलेला असेल तर संपूर्ण प्रवासात चेंडूचे त्वरण ९.८ असण्याची एकच जागा आहे आणि ती म्हणजे सर्वोच्च बिंदू. दिरांनी नेमक्या त्याच जागेवर बोट ठेवले, जिथे पुस्तकातले उत्तर सर्वांत खरे ठरते!

(काटेकोर वाचकांसाठी : चेंडूने बाजूला सारलेल्या हवेचे वजन पाव ग्रॅमच्या आत असते, त्यामुळे हवेच्या उत्प्लावक बलाने पडणारा फरक क्रिकेटच्या चेंडूसाठी हजारात दीड भाग एवढाच आहे. आणि मुंबईच्या अक्षांशावर समुद्रसपाटीला गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी ९.७८६ च्या जवळ असते. झेल पकडताना यातले काहीही लक्षात ठेवण्याची गरज नाही.)

उत्तर : जुनी_पोथी

दिरांनी मांडलेला ‘हाताचे बल हळूहळू संपते’ हा विचार फार जुना आहे आणि मोठमोठ्या लोकांनी तो मांडलेला आहे, एवढे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

कणादांच्या वैशेषिक सूत्रांत, पाचव्या अध्यायात, बाणाच्या गतीची चर्चा आहे. बाणाची पहिली हालचाल धक्क्यामुळे होते, पुढची हालचाल त्या पहिल्या हालचालीने बाणात निर्माण केलेल्या संस्कारामुळे होते, आणि तो संस्कार उरला नाही की गुरुत्वामुळे बाण पडतो, असा त्यातला क्रम आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने ॲरिस्टॉटलला विरोध करताना, फेकणारा माणूस फेकलेल्या वस्तूला एक बल देतो आणि तेच तिला पुढे नेते, असे म्हटले. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ब्युरिदानने याच कल्पनेला अधिक नेमके रूप दिले. त्याच्या मते वस्तूला मिळालेला जोर आपोआप ओसरत नाही, तर हवा आणि वस्तूचे स्वतःचे जडपण यांमुळे तो खर्ची पडतो. ब्युरिदानचे हे म्हणणे आजच्या संवेगाच्या (वस्तुमान गुणिले वेग) कल्पनेच्या बरेच जवळ येते, परंतु त्याच्या लेखी तो जोर गतीचे कारण होता आणि आजचा संवेग हे गतीचे कारण नव्हे, गतीचे माप आहे.

सगळ्यात गमतीचा भाग गॅलिलिओचा आहे. पिसा येथे असताना, १५९० च्या सुमारास, त्याने गतीविषयी जे लिखाण केले (ते त्याच्या हयातीत छापले गेले नाही) त्यात वर फेकलेल्या वस्तूचे स्पष्टीकरण दिरांच्या स्पष्टीकरणासारखेच आहे : दिलेला जोर कमी होत होत वजनाइतका झाला की वस्तू थांबते आणि त्याहून कमी झाला की पडू लागते. पुढे १६३८ मध्ये लेडन येथे छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात हाच युक्तिवाद सॅग्रेडो या पात्राच्या तोंडी येतो, आणि गॅलिलिओची बाजू मांडणारा साल्व्हिआती त्यावर म्हणतो की गती का बदलते याची चर्चा तूर्त राहू द्या, ती कशी बदलते ते आधी पाहू. त्या ‘कशी’च्या उत्तरातून समान काळात वेगात समान वाढ हा नियम आला, आणि त्याच नियमातून स्थिर अवस्थेतून पडणारी वस्तू लागोपाठच्या समान कालखंडांत १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतरे कापते हेही निघाले. बल आणि त्वरण यांचा संबंध न्यूटनने १६८७ मध्ये मांडल्यानंतरच ‘का’ या प्रश्नाला नीट उत्तर मिळाले.

अशा चर्चेत कोणीतरी भास्कराचार्यांचे नाव घेतेच, म्हणून मीच घेतो. सिद्धान्तशिरोमणीत (इ. स. ११५०) पृथ्वी जड वस्तूंना स्वतःच्या शक्तीने आपल्याकडे ओढते, असे स्पष्ट म्हटले आहे. ते मोलाचे आहेच. पण पडताना वेग कोणत्या हिशेबाने वाढतो हा वेगळा प्रश्न आहे आणि तो तिथे विचारलेला नाही.

आणखी एक. अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना, वर उडवलेले नाणे अर्ध्या वाटेत असताना त्यावर कोणती बले असतात ते बाणांनी दाखवायला सांगितले होते. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी वरच्या दिशेने एक बाण काढला. तेव्हा ताई, आपल्या दिरांना सोबत पुष्कळ आहे.

दहावीची_आई

सर्वांचे मनापासून आभार. खात्याचे उदाहरण मला लगेच पटले आणि टेनिस चेंडूचे आकडे पुतण्याने वहीत उतरवून घेतले. दिरांनी तिन्ही उत्तरे शांतपणे वाचली. गणित मान्य आहे, असे ते म्हणाले. पण माथ्यावर चेंडू थोडा वेळ टांगल्यासारखा दिसतो हे कोणालाही डोळ्यांनी दिसते, मग तो ‘थोडा वेळ’ म्हणजे किती, आणि हात सुटल्यावर हाताचे बल उरत नाही हे घरी दाखवता येईल का, असे त्यांचे दोन प्रश्न उरले आहेत. मुलीला प्रयोगवहीत काही लिहिता आले तर तेही हवेच आहे.

उत्तर : खटपट्या

दोन्ही गोष्टी मोबाईलवर दाखवता येतात आणि वेगळा खर्च शून्य.

पहिल्यासाठी मोबाईलमधील संथ चित्रीकरण वापरावे. बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रे घेण्याची सोय असते. भिंतीला शिंप्याची मोजपट्टी उभी चिकटवावी, तिच्या अगदी पुढ्यात चेंडू हाताच्या वर एक ते दीड मीटर जाईल एवढाच फेकावा (एवढ्या कमी वेगाला हवेचा परिणाम मोजण्यात येत नाही), आणि फोन चेंडूच्या माथ्याच्या उंचीवर, निदान दोन मीटर लांब, स्थिर ठेवावा. फोन जवळ ठेवला तर तिरके दिसते आणि मापे चुकतात. चेंडू सर्वांत वर असलेले चित्र शोधून तिथून पुढे आणि मागे चित्रे मोजावीत. २४ चित्रे, म्हणजे एक दशांश सेकंद, पुढे गेल्यावर चेंडू माथ्यापासून ४.९ सेंटीमीटर खाली असायला हवा, ४८ चित्रांनी १९.६ आणि ७२ चित्रांनी ४४.१. मागच्या बाजूलाही हीच अंतरे मिळतात. तीन टप्प्यांतली अंतरे ४.९, १४.७ आणि २४.५ अशी आहेत, म्हणजे जुनी_पोथी यांनी सांगितलेले १, ३, ५ हे प्रमाण.

‘थोडा वेळ’ किती, याचे उत्तर याच चित्रांत आहे. माथ्यापासून पाच चित्रे पुढे गेले तरी चेंडू जेमतेम दोन मिलीमीटर सरकलेला असतो. पाच पुढची आणि पाच मागची अशी दहा चित्रे डोळ्याला एकसारखी दिसतात, आणि चित्र जरा अस्पष्ट असेल तर याहून अधिक. प्रत्यक्षात वेग अचूक शून्य असण्याचा काळही शून्यच असतो, पण शून्याच्या आसपास चेंडू बराच वेळ रेंगाळतो. हिशेब असा आहे की कितीही उंच फेकला तरी, हवा वगळता, एकूण वेळातला अर्धा वेळ चेंडू उंचीच्या वरच्या एकचतुर्थांश भागात काढतो. एक मीटर वर जाणारा चेंडू ०.९० सेकंद हवेत असतो आणि त्यातले ०.४५ सेकंद तो शेवटच्या २५ सेंटीमीटरमध्येच असतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी फोनमधला त्वरणमापक वापरावा. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाने तयार केलेले फायफॉक्स हे ॲप मोफत मिळते; त्यात त्वरणाचा आलेख सुरू करून फोन जाड गादीवर, हातभर उंच, अलगद उडवावा. (गादीवरच. फरशीवर करून पाहिल्यास पुढची जबाबदारी माझी नाही.) फोन हातात स्थिर असताना आलेख ९.८ दाखवतो, हात वर रेटतो तेव्हा तो उंच जातो, आणि फोन हातातून सुटला की लगेच शून्याजवळ येऊन गादीवर आपटेपर्यंत तिथेच राहतो. वर जाण्याचा काळ कुठे संपला आणि खाली येण्याचा कुठे सुरू झाला, हे त्या आलेखावरून कोणालाही सांगता येत नाही, कारण माथ्यावर त्यात काहीच घडत नाही.

उत्तर : निवृत्त_मास्तर

खटपट्या यांचा दुसरा प्रयोग उत्तम आहे, मात्र ताई, तो करण्याआधी एक खुलासा हाताशी असू द्या. नाहीतर आलेखात शून्य दिसताच आपले दीर ‘पाहा, त्वरण शून्यच आहे’ असे म्हणतील.

फोनमधला मापक फोन जमिनीच्या संदर्भात किती त्वरणाने हलतो हे मोजत नाही. त्याच्या आत एक सूक्ष्म वस्तुमान बारीक कमानींवर धरलेले असते आणि त्या कमानींना किती ताण पडतो, ते तो मोजतो. म्हणूनच टेबलावर निपचित पडलेला फोन ९.८ दाखवतो, कारण टेबल त्याला खालून तेवढे उचलून धरत असते. गुरुत्वाकर्षण मात्र फोनला आणि आतल्या वस्तुमानाला सारख्याच त्वरणाने खाली ओढते, त्यामुळे एकट्या गुरुत्वाकर्षणाने कमानींवर ताण पडत नाही आणि ते या मापकाला दिसत नाही. तेव्हा उड्डाणात दिसणाऱ्या शून्याचा अर्थ असा की, गुरुत्वाकर्षण सोडून दुसरे कोणतेही बल फोनवर उरलेले नाही. हाताचे बल वाटेत हळूहळू संपत असते, तर हात सुटल्यानंतर आलेख उतरत उतरत शून्याकडे गेला असता. तो एकदम खाली येतो, यातच दिरांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

मुक्तपतन, म्हणजे केवळ गुरुत्वाकर्षणाच्या बलाखाली होणारी हालचाल, माथ्यापासून सुरू होते असा समज सर्रास आढळतो, तोही याच आलेखाने दूर होईल. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चेंडू हातातून सुटतो तेव्हापासूनच मुक्तपतनात असतो, मग तो वर का जात असेना. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गुरुत्व त्वरण ८.७ मी/से² च्या आसपास असूनही तिथले अंतराळवीर तरंगतात, त्याचे कारण तेच आहे. तिथे हा मापक नेला तर तोही शून्याजवळच राहील.

प्रयोगवहीत लिहिताना मुलीने आलेखाचे तीन भाग वेगळे दाखवावेत : हाताने रेटण्याचा, उड्डाणाचा आणि गादीवर आपटण्याचा. उड्डाणाच्या भागाचा कालावधी आलेखावरून मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला ९.८ ने गुणून ८ ने भागावे. फोन सुटल्याच्या उंचीलाच गादीवर परत आला असेल तर तो किती उंच गेला होता ते त्यातून निघते. फोन उडवताना तो गरगर फिरणार नाही याची काळजी घ्यावी, कारण मापक फोनच्या नेमक्या मध्यावर बसवलेला नसतो आणि फिरण्यामुळे आलेख शून्यापासून वर राहतो.